एंटर मारण्याआधी

कमांड लाइनला बोलायची हौस नाही. फाइल कॉपी केली, गप्प. हजार फाइली पुसल्या, तरी गप्प. आमच्याकडे नव्याने येणारी मुलं या शांततेला बिचकतात.

"सर, झालं का?"

"काही म्हणाली का ती?"

"नाही."

"मग झालं."

माऊसवर वाढलेल्या या मुलांना कामाआधी 'नक्की पुसायचं ना?' अशी विचारणा हवी असते आणि काम झाल्यावर हिरवी बरोबरची खूण. काळ्या पडद्यावर दोन्हींपैकी काहीच मिळत नाही. चुकलात तर एक ओळ मिळते, तीही शिष्टपणाची.

या तुटकपणाला कारण आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्सच्या मागे लागले, तेव्हा त्यांचं काम मुख्यतः पडद्यावर चालत नव्हतं. टेलिटाइप नावाचं धूड होतं, ते सेकंदाला दहा अक्षरं खडखडत कागदावर ठोकायचं. 'आपली फाइल यशस्वीरीत्या कॉपी झाली आहे, धन्यवाद' एवढं छापायचं तर चारपाच सेकंद गेले असते, आणि कागद वेगळा. म्हणून यंत्राने गप्प राहायचं ठरलं आणि माणसाने कमी बोलायचं. कॉपीचं 'सीपी' झालं, मूव्हचं 'एमव्ही', रिमूव्हचं 'आरएम'. पुढे थॉम्पसनना कुणीतरी विचारलं, युनिक्स पुन्हा लिहायला मिळालं तर काय बदलाल? ते म्हणाले, 'क्रिएट'च्या स्पेलिंगमधला शेवटचा 'ई' घालीन. एवढ्या मोठ्या संसारात एका अक्षराचीच काय ती रुखरुख!

टेलिटाइप संग्रहालयात गेले. तुटकपणा मात्र राहिला, आणि त्याच्यासोबत एक गृहीतही राहिलं, की समोर बसलेल्या माणसाला आपण काय करतो आहोत ते कळतं आहे. सकाळी अकराला हे गृहीत बहुतेक वेळा खरं असतं. रात्री दोनला, तिसऱ्या फोननंतर, मॅनेजर मागे उभा राहून "अजून किती वेळ?" विचारत असताना ते खरं असेलच असं नाही. म्हणून कमांड लाइनच्या टिपा म्हणून जे काही एकमेकांना सांगितलं जातं, त्यातल्या हात जलद चालवणाऱ्या टिपांचं मला फारसं कौतुक नाही. उपयोगी टिपा त्या, ज्या हात मंद करतात.

क्रॉनटॅबचंच बघा. ठरावीक वेळी आपोआप चालायच्या कामांची ही यादी. रात्रीचा बॅकअप, पहाटेचे रिपोर्ट, सगळं तिच्यात. ती दुरुस्त करायला 'क्रॉनटॅब डॅश ई'. ती समूळ पुसून टाकायला 'क्रॉनटॅब डॅश आर'. कीबोर्डवर ई आणि आर शेजारी शेजारी, मध्ये पाऊण इंचाचं अंतर. पुसताना ती विचारत नाही, पुसल्यावर सांगत नाही. ज्याने ही अक्षरं निवडली त्याला दुष्ट म्हणवत नाही, पण त्याची बोटं बारीक असावीत. उपाय साधा आहे. यादी आधी 'डॅश एल'ने एका फाइलीत उतरवून ठेवायची, बदल त्या फाइलीत करायचे आणि मग ती फाइलच क्रॉनटॅबला द्यायची. पाच मिनिटं जास्त जातात. ती जाऊ द्यावीत.

किंवा 'किलऑल' घ्या. लिनक्सवर तिला एखाद्या प्रोग्रामचं नाव दिलं की त्या नावाचे सगळे प्रोसेस बंद होतात. सोलॅरिस नावाच्या जुन्या भारदस्त युनिक्सवर मात्र ती नावाला जागते आणि सगळंच बंद करते. लिनक्सवर शिकलेला माणूस बदली होऊन सोलॅरिसवर गेला की पहिल्या आठवड्यात त्याच्या मागे उभं राहावं.

तेव्हा मी मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो त्या दोन कमांड कुठल्याही 'टॉप टेन'मध्ये नसतात. एक 'हूअ‍ॅमआय', म्हणजे मी कोण. दुसरी 'होस्टनेम', म्हणजे मी कुठे. मुलं हसतात. हा तर वेदान्त झाला, असंही एक जण म्हणाला. त्याला मी गिटलॅबची गोष्ट सांगितली.

गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ची रात्र. त्यांच्या डेटाबेसचे दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि एक त्याची हुबेहूब नक्कल ठेवणारा. त्या दिवशी स्पॅमवाल्यांनी धुमाकूळ घातला, मुख्य सर्व्हरवर ताण आला आणि नक्कल करणारा मागे पडला. इतका मागे, की त्याची पाटी कोरी करून पुन्हा पहिल्यापासून नक्कल उतरवून घ्यावी लागणार होती. दिवसभर राबलेला एक इंजिनिअर घरी निघायच्या बेतात होता, तो थांबला. एकदा जमेना, दोनदा जमेना. नकलेच्या सर्व्हरवर डेटाची जुनी डिरेक्टरी अडखळते आहे असं वाटून त्याने ती पुसायची कमांड दिली. सेकंद-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की आपण उभे आहोत ते मुख्य सर्व्हरवर. कमांड थांबवली. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. दोन्ही सर्व्हरांच्या नावांत फरक होता तो एका आकड्याचा.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही ऑफिसात घडू शकते. खरी गंमत पुढे आहे. बॅकअप आणि नक्कल मिळून त्यांच्याकडे पाच व्यवस्था होत्या, आणि शोधायला गेल्यावर त्यांतली एकही भरवशाची निघाली नाही. रोजचा बॅकअप 'पीजी डंप'ने घेतला जायचा. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घ्यायला जाणारा प्रोग्राम ९.२चा, त्यामुळे तो रोज जायचा आणि रोज नापास होऊन परत यायचा. नापास झाल्याची ईमेल जायची, पण तिच्यावर हवी ती सही नसल्यामुळे मेल सर्व्हर ती दारातूनच परत पाठवायचा. म्हणजे यंत्र या खेपेला बोलत होतं, रोज बोलत होतं, पण ऐकणाऱ्यापर्यंत आवाज पोचत नव्हता. ज्या जागी बॅकअप साठायचे ती जागा उघडून पाहिली तर रिकामी. शेवटी वाचवलं ते साधारण सहा तासांपूर्वी त्याच इंजिनिअरने भलत्याच कामासाठी, चाचणीच्या सर्व्हरसाठी, सहज घेऊन ठेवलेल्या एका स्नॅपशॉटने. त्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच.

पण त्या कंपनीने एक मोठेपणा दाखवला. दुरुस्ती चालू असताना सगळी टिपणं लोकांसाठी उघडी ठेवली, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केलं, आणि हजारो लोक रात्र जागून एका डेटाबेसची कॉपी होताना बघत बसले. क्रिकेटची पाचदिवसीय कसोटी आवडणाऱ्यांनाही हे जरा संथ वाटलं असतं. त्या टिपणांत सुधारणांची यादी होती, त्यात एक कलम असं, की प्रॉम्प्टला, म्हणजे कमांड लिहायच्या जागेआधी दिसणाऱ्या अक्षरांना, रंग द्यायचा. खऱ्या सर्व्हरवर लाल, चाचणीच्या सर्व्हरवर पिवळा. हा उपाय करायला खर्च शून्य, आणि सर्व्हरवर एका फाइलीत एक ओळ. आमच्याकडे तो आहे. लाल प्रॉम्प्ट दिसला की माणूस आपसूक खुर्चीत सरळ बसतो, हे मी पाहिलं आहे.

डेटाबेसवाल्यांचं दुःख एका शब्दाचं आहे, तो शब्द 'व्हेअर'. 'डिलीट' लिहिलं, टेबलाचं नाव लिहिलं, आणि कोणत्या ओळी ते सांगणारा 'व्हेअर' लिहायच्या आधी बोट एंटरवर गेलं की टेबल स्वच्छ. शहाणे लोक म्हणून आधी 'सिलेक्ट' लिहितात, तोच 'व्हेअर' लावून. बारा ओळी येणार होत्या आणि बाराच आल्या, की मग 'सिलेक्ट'च्या जागी 'डिलीट' घालतात. त्याहून शहाणे त्याआधी 'बिगिन' लिहितात. म्हणजे पुढचं सगळं कच्चं. डेटाबेस अगदीच मुका नसतो, किती ओळींना हात लागला तो आकडा सांगतो. बाराच्या जागी बारा लाख दिसले तर 'रोलबॅक', आणि काहीच घडलं नाही अशा चेहऱ्याने पाणी प्यायचं. पोस्टग्रेसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत तर 'बिगिन' केलेलं असलं की प्रॉम्प्टमध्ये एक बारीकशी चांदणी उमटते. ती आहे तोवर माघार घेता येते. मायएसक्यूएलवाल्यांनी जरा जपून असावं. तिथे टेबल 'ड्रॉप' किंवा 'ट्रंकेट' केलं की 'बिगिन' असूनही ते तत्काळ पक्कं होतं, आणि आधीचं कच्चंही त्याच्याबरोबर पक्कं होतं.

अजून एक सापळा, तोही सभ्य चेहऱ्याचा. एखादी क्वेरी का रेंगाळते हे बघायला पोस्टग्रेसमध्ये 'एक्सप्लेन' वापरतात. ती डेटाबेसचा नुसता बेत सांगते, करत काही नाही. मग कुणीतरी सांगतं की 'एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ' वापर, खरे वेळ दिसतील. खरे वेळ दिसतात, कारण ती क्वेरी खरोखर चालवते. 'डिलीट'ला 'एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ' लावून तिची चौकशी करणाऱ्याला सविस्तर अहवाल मिळतो आणि ओळीही जातात. तेव्हा इथेही आधी 'बिगिन', नंतर 'रोलबॅक'.

पण 'बिगिन'चंही एक व्यसन आहे. ते लिहून, एखादं 'अपडेट' करून माणूस चहाला जातो. चहावर कुणीतरी भेटतं, विषय बदलीचा निघतो. इकडे त्याने हात लावलेल्या ओळी अडकलेल्या. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकून गृहस्थ स्टँडवर वडापाव खायला गेल्यावर आतल्या उभ्या प्रवाशांचं जे होतं, तेच इथे बाकीच्या प्रोग्रामांचं होतं. सीट रिकामी दिसते, पण बसता येत नाही. त्यात कुणी त्या टेबलाचा आकार बदलायला 'ऑल्टर' घेऊन आलं की तो रुमालवाल्यासाठी थांबतो आणि त्याच्यामागे साधं वाचायला आलेलेही सगळे रांगेत खोळंबतात. पोस्टग्रेस अशा सेशनची नोंद 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अशी करतो, आणि किती वेळ वाट पाहून त्याला हाकलायचं ते ठरवण्याची सेटिंगही देतो. मुळात ती सेटिंग बंद असते. आमच्याकडे चालू आहे. चहाला लागणारा वेळ मोजून आकडा ठरवला, असं म्हणतात.

माणसाच्या हाताचा भरवसा नाही हे ज्यांनी ओळखलं, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मायएसक्यूएलमध्ये एक पर्याय आहे. तो लावला की 'व्हेअर'शिवायचं सरसकट 'अपडेट' आणि 'डिलीट' चालत नाही, आणि 'सिलेक्ट'ही हजार ओळींवर थांबतो. त्याचं एक नाव आहे 'सेफ अपडेट्स'. दुसरं, तितकंच अधिकृत नाव आहे 'आय अ‍ॅम अ डमी'. लॉगिन करतानाच ही कबुली देऊन टाकायची. बुद्धिमान माणसं पहिलं नाव वापरतात, अनुभवी दुसरं.

डेबियन लिनक्सवर 'मॉलीगार्ड' नावाचं एक पॅकेज मिळतं. मॉली ही एका प्रोग्रामरची लहान मुलगी. एकदा ती बाबांबरोबर कामावर आली, आणि आयबीएमच्या ४३४१ या मोठ्या कॉम्प्युटरचं ठळक लाल बटण तिने एकाच दिवसात दोनदा दाबलं. त्यानंतर बटणावर प्लास्टिकचं झाकण आलं. हे पॅकेज म्हणजे तेच झाकण. दूरवरून लॉगिन करून तुम्ही सर्व्हर बंद करायला गेलात, की ते म्हणतं, या मशीनचं नाव टाइप करा. चुकीचं नाव टाइप केलं की बंद करत नाही. आपला लॅपटॉप बंद करतोय अशा समजुतीत बँकेचा सर्व्हर बंद करायला निघालेली किती माणसं त्या एका प्रश्नाने वाचली असतील! लेकीच्या उपद्व्यापाचं इतकं चीज फार थोड्या बापांना करता येतं.

नेटवर्कवाल्यांचा धोका आणखी निराळा. डेटाबेसवाला चुकला तर डेटा जातो. नेटवर्कवाला चुकला तर ज्या वायरीवरून तो चूक दुरुस्त करणार ती वायरच जाते. सिस्कोच्या स्विचवर एका ट्रंकवर, म्हणजे अनेक नेटवर्कं वाहणाऱ्या एका जोडणीवर, आधीच दहाबारा व्हीलॅन चालू आहेत आणि त्यात २० नंबरचा हवा आहे. 'अलाउड व्हीलॅन अ‍ॅड २०' लिहायचं. 'अ‍ॅड' विसरलं की स्विच समजतो, फक्त २० ठेवायचा, बाकी सगळे काढायचे. आणि तो ते करतो. काढलेल्यांत तुम्ही ज्यावरून आत आलात तो व्हीलॅनही असतो. मग स्विच ज्या गावी आहे त्या गावी जाणारी गाडी बघायची.

यावरचा जुना उपाय मला सगळ्या टिपांमध्ये प्रिय आहे. धोक्याचा बदल करण्याआधी 'रीलोड इन १०' अशी कमांड द्यायची. म्हणजे दहा मिनिटांनी हा स्विच आपण होऊन रीस्टार्ट होईल आणि जुन्या, साठवलेल्या सेटिंगवर परत येईल. मग बदल करायचा. सगळं सुरळीत असेल तर 'रीलोड कॅन्सल'. आपणच बाहेर फेकले गेलो, तर घड्याळ बघत बसायचं, स्विच आपला आपण शुद्धीवर येतो. पथ्य एकच, बदल पक्का झाल्याशिवाय सेव्ह करायचा नाही. 'रीलोड'च्या वेळी तो मध्येच 'सेव्ह करू का?' असं लाडाने विचारतो, तेव्हाही नाहीच म्हणायचं. जुनिपरवाल्यांनी हे पथ्यही सोपं केलं. तिथे 'कमिट कन्फर्म्ड' म्हटलं की दहा मिनिटांत पुन्हा दुजोरा न दिल्यास बदल आपोआप मागे फिरतो. लिनक्सच्या फायरवॉलवर हेच काम 'अ‍ॅट' कमांडला सांगून ठेवता येतं.

वायरच जाण्याची वेळ मोठ्यांवरही येते. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुकमध्ये कुणीतरी अंतर्गत नेटवर्कची क्षमता तपासायची एक कमांड दिली. अशा कमांडी तपासून अडवणारा एक पहारेकरी प्रोग्राम होता, त्यात दोष होता, त्याने अडवलं नाही. कंपनीची सगळी डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली, आणि मग त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी जगाला आपले पत्ते सांगणंच सोडलं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं, घराघरांत वायफायचा राउटर बंद-चालू झाला, पहाटेपर्यंत सगळं सावरलं. सुप्रभातचे संदेश वेळेवर आले.

एखादी साइट बंद पडली की ऑफिसात एक ठरलेला खेळ होतो. डेटाबेसवाला म्हणतो नेटवर्क, नेटवर्कवाला म्हणतो डेटाबेस, आणि दोघे मिळून म्हणतात अ‍ॅप्लिकेशन. या भांडणातला पहिला साक्षीदार 'पिंग'. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये, अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत काम करताना, एका बिघडलेल्या नेटवर्कवर वैतागून तो एका रात्रीत लिहिला. पलीकडच्याला हाक मारायची, ओ यायला किती वेळ लागला ते मोजायचं, बस. मूस यांनीच सांगितलेला एक किस्सा आहे. एका नेटवर्कवाल्याची एक जोडणी मधूनमधून तुटायची, सापडत नव्हती. त्याने पिंगचं उत्तर आवाज काढणाऱ्या प्रोग्रामला जोडलं, तो स्टिरिओला जोडला आणि आवाज मोठा केला. कॉम्प्युटर दर सेकंदाला 'पिंग, पिंग' ओरडू लागला. मग हा इमारतभर फिरत एकेक केबल हलवून बघत गेला. जिथे आवाज थांबला, तिथे दोष. माझ्या मते या व्यवसायातली ही सर्वात सुंदर युक्ती आहे, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या दृष्टीने सर्वात वाईट.

पिंगचा आकडा वाचायला मात्र भूगोल लागतो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे जाऊन यायला १२५ मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्रातल्या केबली काही सरळ रेषेत जात नाहीत. "अमेरिकेतल्या सर्व्हरचा पिंग वीसवर आणा" असं सांगणाऱ्या साहेबांना नकाशा दाखवावा. सगळं ठीक असतानाचे आकडे लिहून ठेवावेत हे त्याहून महत्त्वाचं. नाहीतर बिघाडाच्या दिवशी १८० हा आकडा जास्त की कमी यावर बैठक बसते.

वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या 'ट्रेसराउट'बद्दल निदान एवढं लक्षात ठेवावं, की मधल्या एखाद्या टप्प्यावर तीन चांदण्या दिसल्या म्हणजे तिथे रस्ता तुटला असं नव्हे. तो राउटर फक्त उत्तर द्यायला नाखूश आहे. पुढचे टप्पे नीट दिसत असतील तर त्याच्या अबोल्याकडे काणाडोळा करावा. एका बैठकीत अशा तीन चांदण्यांवर दोन कंपन्यांचे लोक तासभर भांडले, आणि बिघाड निघाला डीएनएसमध्ये. तो बहुतेक वेळा तिथेच निघतो.

किरकोळ गोष्टी भरपूर आहेत. लांबणारं काम 'टीमक्स'मध्ये सुरू करावं, म्हणजे लोणावळ्याच्या घाटात नेट गेलं तरी काम तुटत नाही. डिस्क भरली म्हणून मोठी लॉग फाइल पुसली आणि जागा तरीही मोकळी झाली नाही, तर ती कुठल्यातरी प्रोग्रामने अजून धरून ठेवलेली असते. तो रीस्टार्ट झाल्यावर जागा मिळेल. मायएसक्यूएलचा पासवर्ड कमांडमध्येच लिहू नये, तो हिस्टरीत राहतो आणि पुढच्या माणसाला वरचा बाण दाबून सापडतो. वरचा बाण दाबून न वाचता एंटर मारू नये, हे तर सांगायलाच नको. तरी सांगतो.

एक विनंती मात्र आहे. तुमच्या ताब्यात कुठलाही डेटाबेस असेल, मग तो बँकेचा असो की सोसायटीच्या मेंटेनन्सचा, तर या आठवड्यात त्याचा शेवटचा बॅकअप शोधून काढा आणि एकदा खरोखर रिस्टोअर करून बघा. शुक्रवारी संध्याकाळी नको, रात्री दोनला तर नकोच. दुपारी, जेवण झालेलं असताना, शेजारी कुणालातरी बसवून करा. आणि हो, वेगळ्या मशीनवर.